अंडाशयाचा कॅन्सर: 'घरात कुणाला होता का?' या प्रश्नात आत्या का विसरली जाते?

निशिगंध
अंडाशयाच्या कॅन्सरचे धोके या विषयावर मराठीत जे सापडतं ते बहुतेक एकाच साच्याचं असतं: वय, वजन, मूल नसणं, आनुवंशिकता, आणि शेवटी 'डॉक्टरांचा सल्ला घ्या'. कोणता धोका किती मोठा, कोणता नावापुरता, हे कुठेच नसतं. म्हणून हा धागा. माहितगारांनी कृपया आकड्यांसकट लिहावं.

माझं मत आधी मांडते. मुंबईतल्या दवाखान्यांत 'घरात कुणाला कॅन्सर होता का?' असं विचारलं की बाई आई आणि मावशी आठवते आणि 'नाही' म्हणते. वडिलांची बाजू कुणी मोजतच नाही. सगळ्यात मोठा धोका नेमका तिथेच लपून राहतो, असं मला वाटतं. चूक असेल तर दुरुस्त करा.

परळची_पॅथॉलॉजी
चूक नाही, अगदी बरोबर आहे. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेली दोन मुख्य जनुकं म्हणजे ब्राका१ आणि ब्राका२ (बीआरसीए). ब्राका१ हे जनुक १७व्या गुणसूत्रावर असतं आणि ब्राका२ हे १३व्या. दोन्हींचा लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी संबंध नाही. सदोष प्रत वडिलांकडून येण्याची शक्यता आईकडून येण्याइतकीच, म्हणजे दोघांपैकी एकात ती असेल तर प्रत्येक अपत्याला ५० टक्के. वडिलांना अंडाशय नसल्यामुळे त्यांच्यात ती दिसत नाही, एवढाच फरक. दोन-तीन पिढ्या मुलगेच झाले असतील तर घराणं निरोगी वाटतं आणि मग एखाद्या नातीत आजार एकदम वर येतो. लोक म्हणतात 'पिढी सोडून आला'. त्याने पिढी सोडलेली नसते, तो पुरुषांमधून गुपचूप चालत आलेला असतो.

म्हणून वडिलांच्या बाजूला आत्या, आजी, चुलत आत्या तर विचारायच्याच, शिवाय काकांचा प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा किंवा पुरुषाला झालेला स्तनाचा कॅन्सरही विचारायचा. हे सगळे त्याच जनुकांचे धागे असू शकतात.

आकडेमोड
आकडे मागितलेत म्हणून देतो. सर्वसाधारण स्त्रीला आयुष्यभरात हा कॅन्सर होण्याची शक्यता अमेरिकेत साधारण ९० जणींत एक. भारतात प्रमाण त्याहून कमी. ब्राका१ सदोष असेल तर वयाच्या ८० पर्यंत १०० पैकी सुमारे ४४ जणींना, ब्राका२ सदोष असेल तर सुमारे १७ जणींना (२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातले आकडे).

आता याच्या शेजारी बाकीचे धोके ठेवा. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, पण मूळच एकाच्या आसपास असल्याने १०० पैकी साधारण दोन होतो. रजोनिवृत्तीनंतर पन्नाशीपासून पाच वर्षं हॉर्मोनच्या गोळ्या घेतल्या तर हजार जणींमागे साधारण एक जादा. एकीकडे शंभरात ४४, दुसरीकडे हजारात एक. दोन्हींना एकाच यादीत एकाखाली एक टाकतात आणि वाचणारी बाई हॉर्मोनच्या गोळीला घाबरते, पण आत्याबद्दल विचारत नाही.

सदाफुली
आकडेमोड, +१. 'दुप्पट धोका' हे शब्द वाचले की थांबावं आणि विचारावं, कशाच्या दुप्पट?

गिरगावकर
माझा प्रश्न पावडरचा. मुंबईच्या घामात टाल्कम पावडर घरोघरी. २०२४ मध्ये बातमी आली की जागतिक संस्थेने ती कॅन्सरकारक ठरवली. मग?

आकडेमोड
गिरगावकर, जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने टाल्कला '२ए' म्हणजे 'बहुधा कॅन्सरकारक' या गटात टाकलं. हा गट पुराव्याची ताकद सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही. तांबडं मांसही त्याच गटात आहे. ॲस्बेस्टॉस मात्र गट १ मध्ये, म्हणजे निश्चित. टाल्क आणि ॲस्बेस्टॉस खाणीत एकमेकांशेजारी सापडतात, त्यामुळे भेसळीची भीती पूर्वीपासून आहे.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या चार मोठ्या अभ्यासांतल्या २,५२,७४५ स्त्रियांची माहिती एकत्र केली, तेव्हा गुप्तांगावर पावडर वापरणाऱ्यांत ठोस वाढ दिसली नाही. गर्भाशय आणि बीजवाहिन्या (नलिका) शाबूत असलेल्यांत मात्र किंचित वाढ दिसली. निष्कर्ष व्यवहाराचा: मानेवर, पाठीवर घामोळ्यांसाठी लावलेल्या पावडरचा अंडाशयाशी संबंध नाही. जांघेत, पॅडवर, अंतर्वस्त्रावर टाकू नका, कारण तिथे तिची गरजच नाही. सुती कापडाने कोरडं केलं की झालं.

मुलुंडची_मेथी
पीसीओएसबद्दल कुणी लिहील का? सोनोग्राफीत 'दोन्ही अंडाशयांत अनेक सिस्ट' असं आलं की मुली हादरतात.

ओवी_दादर
मेथी, पीसीओएसमधल्या त्या 'सिस्ट' म्हणजे अर्धवट वाढून थांबलेल्या बीजपुटिका, काही मिलिमीटरच्या. त्या कॅन्सरमध्ये बदलत नाहीत. पीसीओएसमध्ये खरी काळजी गर्भाशयाच्या अस्तराची. पाळी महिनोन्महिने येत नसेल तर अस्तर जाड होत राहतं आणि त्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून वर्षातून निदान चार वेळा तरी पाळी यावी, म्हणजे दोन पाळ्यांत तीन महिन्यांहून जास्त अंतर नको, असं बघतात. अंडाशयाच्या कॅन्सरशी पीसीओएसचा संबंध पक्का दिसलेला नाही.

चॉकलेट सिस्ट ही वेगळी गोष्ट. ती एंडोमेट्रिओसिसची. तिचा संबंध अंडाशयाच्या कॅन्सरच्या क्लिअर सेल आणि एंडोमेट्रिऑइड या प्रकारांशी आहे, क्लिअर सेलशी जास्त. तरी बहुसंख्य जणींना काहीच होत नाही. पन्नाशीच्या आसपास जुनी चॉकलेट सिस्ट अचानक वाढू लागली, किंवा तिच्यात रक्तप्रवाह असलेला घन भाग दिसला, तर मात्र 'जुनीच आहे' म्हणून सोडू नये.

गिरगावकर
मग मूल न झालेल्यांना जास्त धोका हे खरं की सांगीव?

परळची_पॅथॉलॉजी
खरं आहे, पण त्याचं कारण समजून घेतलं तर त्यात कुणाला दोष देण्यासारखं काही उरत नाही. १९७१ साली महमूद फथल्ला या इजिप्तच्या डॉक्टरांनी मांडणी केली की दर महिन्याला बीज बाहेर पडताना अंडाशयाचा पृष्ठभाग फाटतो आणि भरून येतो. ही फाटाफूट जितकी जास्त वेळा, तितकी चूक होण्याची संधी जास्त. गरोदरपण, अंगावर पाजणं, गर्भनिरोधक गोळी, या सगळ्यांत बीज बाहेर पडणं थांबतं. पाळी लवकर सुरू होणं आणि उशिरा जाणं यात ते वाढतं.

पुढे त्यात मोठी भर पडली. सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात घातक प्रकार, हाय ग्रेड सीरस, बऱ्याचदा अंडाशयात सुरूच होत नाही. तो बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतो आणि तिथून अंडाशयावर पडतो. ब्राका दोष असलेल्या स्त्रियांच्या काढलेल्या नलिका बारीक कापून पाहिल्या तेव्हा हे लक्षात आलं. म्हणून आज कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियासारख्या ठिकाणी दुसऱ्या कारणाने गर्भाशय काढताना किंवा नसबंदी करताना नलिका पूर्ण काढतात. तिथे ही मोहीम २०१० मध्ये सुरू झाली.

सदाफुली
म्हणजे आपल्याकडची टाके घालून केलेली कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रियाही उपयोगी?

परळची_पॅथॉलॉजी
हो. नलिका बांधलेल्या स्त्रियांत धोका साधारण पाव ते एक तृतीयांश कमी दिसतो, मुख्यतः एंडोमेट्रिओसिसशी जोडलेल्या प्रकारांचा. पूर्ण नलिका काढल्यास सीरस प्रकारातही फायदा अपेक्षित आहे. पण केवळ कॅन्सरच्या भीतीने, जनुकीय दोष नसताना, कुणी वेगळी शस्त्रक्रिया करून घेऊ नये. दुसऱ्या कारणाने पोट उघडलंच जाणार असेल तर आधी विचारा: 'नलिकाही काढणार का?'

मुलुंडची_मेथी
गर्भनिरोधक गोळीचा फायदा किती? माला-डी चालते का, की महागडीच हवी?

ओवी_दादर
माला-डी ही इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही असलेली गोळी आहे, म्हणजे ज्या गटाचा फायदा दिसला त्याच गटातली. २००८ मध्ये ४५ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दर पाच वर्षांच्या वापरामागे धोका साधारण २० टक्क्यांनी कमी दिसला, पंधरा वर्षांत जवळपास निम्मा. गोळी बंद केल्यावरही हा फायदा तीसेक वर्षं टिकून होता, वर्षं सरतील तसा ओसरत.

इथे दोन गफलती होतात. 'छाया' किंवा 'सहेली' या आठवडी गोळ्या हॉर्मोनच्या नाहीत, त्यांना हा फायदा लागू करू नका. आणि संबंधानंतर घ्यायची तातडीची गोळी म्हणजे ही गोळी नव्हे.

गोळी फक्त कॅन्सर टाळायला कुणी सुरू करू नये. ती चालू असताना स्तनाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो. पस्तिशीनंतर तंबाखू ओढणारी, ऑरा (आधी डोळ्यांपुढे चमक, नागमोडी रेषा) असलेली अर्धशिशी असलेली, पायात गुठळी होऊन गेलेली स्त्री, यांना ती देत नाहीत. मिश्रीबद्दल विचाराल तर हा नियम धूम्रपानासाठी लिहिलेला आहे, पण डॉक्टरांना मिश्री लावत असल्याचं सांगायलाच हवं.

आकडेमोड
तंबाखूवरून: धूम्रपानाचा संबंध म्युसिनस नावाच्या प्रकाराशी दिसतो, बाकीच्यांशी नाही. 'अंडाशयाचा कॅन्सर' हा एकच आजार नाही म्हणून धोकेही प्रकारानुसार बदलतात. कुमारवयीन मुलींना होणारे जर्म सेल ट्यूमर तर पूर्ण वेगळे. त्यांचा ब्राकाशी संबंध नाही, त्यांचे मार्कर (रक्तात तपासायचे घटक) वेगळे आणि बहुतेक बरे होतात.

फणसपोळी
एवढं सगळं करण्यापेक्षा दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी केली तर? हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये असतंच की.

परळची_पॅथॉलॉजी
फणसपोळी, हाच सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे, म्हणून सविस्तर. ब्रिटनमध्ये ५० ते ७४ वयाच्या २,०२,६३८ स्त्रियांवर नेमका हाच प्रयोग झाला. काहींना दरवर्षी सीए-१२५, काहींना दरवर्षी सोनोग्राफी, काहींना काहीच नाही. २०२१ मध्ये निकाल आला: सरासरी १६ वर्षांनंतरही कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेतल्या ७८,२१६ स्त्रियांच्या प्रयोगातही २०११ मध्ये तेच दिसलं. वर ३,२८५ जणींना खोटा इशारा मिळाला, त्यातल्या १,०८० जणींची शस्त्रक्रिया झाली, आणि त्यातल्या सुमारे १५ टक्के जणींना गंभीर गुंतागुंत झाली.

सीए-१२५ ची मर्यादा ३५ धरतात. तो पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, फायब्रॉइडमध्ये, एंडोमेट्रिओसिसमध्ये, यकृताच्या आजारात वाढतो. मुंबईत विशेष लक्षात ठेवायचं ते पोटाच्या टीबीचं. त्यात तो काही शेंवर जातो, पोटात पाणीही होतं, सोनोग्राफीत अंडाशयाजवळ गाठीसारखंही दिसतं. तुकडा किंवा पाणी तपासल्याशिवाय कॅन्सर समजून शस्त्रक्रियेला किंवा केमोला हात घालू नये. आणि पहिल्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या वेळा हा आकडा नॉर्मल असतो. म्हणजे नॉर्मल आला तरी खात्री नाही.

फणसपोळी
पॅप स्मिअर?

परळची_पॅथॉलॉजी
तो गर्भाशयाच्या मुखासाठी. अंडाशयाबद्दल काहीही सांगत नाही.

गिरगावकर
मग बाईने लक्ष कशावर ठेवायचं?

ओवी_दादर
चार गोष्टींवर: पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात किंवा पोटात दुखणं, वारंवार किंवा घाईने लघवीला लागणं. या तक्रारी नव्या असतील, वर्षभराच्या आतल्या, आणि महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस होत असतील तर ओटीपोटाची सोनोग्राफी, तीही शक्यतो योनीमार्गातून. पन्नाशीच्या बाईला 'गॅस झालाय' म्हणून महिनोन्महिने अँटासिड देणं ही नेहमीची चूक. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेल्या 'गॅस'ला एकदा सोनोग्राफी लागते, एवढा नियम घरात सगळ्यांना माहीत असावा.

सदाफुली
मूळ प्रश्नाकडे वळते. नातेवाईकांना नेमकं विचारायचं काय? फोनवर 'आजीला काय झालं होतं?' विचारलं की 'पोटात पाणी झालं', 'गाठ होती', 'पिशवीचं काहीतरी' इतकंच मिळतं.

वंशवेल
सदाफुली, जनुकीय समुपदेशनात हेच शब्द उलगडावे लागतात. 'पोटात पाणी झालं, वारंवार काढावं लागलं, दारू नव्हती, कावीळ नव्हती, वय पन्नास-साठ', असं असेल तर अंडाशयाचा संशय धरून पुढचे कागद शोधायचे. 'पोटाचा कॅन्सर' म्हणजे मराठीत जठर, आतडं, यकृत, अंडाशय काहीही असू शकतं. पुढे विचारा: जेवण उलटून पडायचं का, काविळीसारखे डोळे होते का, ऑपरेशन कुठून झालं, केमोसाठी कुठे जायच्या. 'परळला टाटात जायच्या' इतकं कळलं तरी मोठा धागा मिळतो. केस फाइलचा नंबर जुन्या कागदांवर असतो.

'पिशवी काढली' हा आपल्याकडचा सगळ्यात फसवा शब्द. पिशवी म्हणजे गर्भाशय. अंडाशय काढले की ठेवले, हे त्यातून कळत नाही. कित्येक बायका 'पिशवीच नाही, मला कशाचा कॅन्सर' म्हणून निर्धास्त असतात आणि दोन्ही अंडाशय आत असतात. डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट काढून बघा. त्यात दोन्ही बाजूंच्या नलिका आणि अंडाशय यांचा स्पष्ट उल्लेख असतो किंवा नसतो.

नात्यांच्या बाबतीत मराठी भाषा मदत करते. मावशी, मामा, आत्या, काका हे रक्ताचे. काकू, मामी, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान हे लग्नाचे, ते तुमच्या झाडात (वंशवृक्षात) मोजत नाहीत. मात्र त्यांच्या मुलांच्या झाडात मोजतात. दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्या, प्रत्येकाचं आत्ताचं किंवा मृत्यूचं वय, कोणता कॅन्सर, कितव्या वर्षी. एका कागदावर बसतं.

मुलुंडची_मेथी
अवांतर: आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं. मग झाडात काय करायचं?

वंशवेल
अवांतर नाही, महत्त्वाचं आहे. तिथे सासरे हेच मामा, म्हणून एकच आजी दोन्ही बाजूंनी येते. झाडाच्या आकृतीत दोन रेषांनी नवरा-बायकोला जोडतात, म्हणजे रक्ताचं नातं आहे हे कळतं. एकाच घराण्यातला ब्राका२ चा दोष आई आणि वडील दोघांकडूनही मिळाला तर मुलाला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून अशा घरात दोष सापडला तर दोघांचीही तपासणी सुचवतात.

फणसपोळी
आणि तपासणी कुणाची करायची? घरातल्या निरोगी मुलीची?

वंशवेल
आधी जिला आजार झाला आहे तिची, ती हयात असेल तर. हा क्रम चुकला की पैसे वाया जातात. निरोगी मुलीचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला आणि घरातला दोष कोणता हे ठाऊकच नसलं, तर त्या नॉर्मलला फार अर्थ नाही. आजारी बाईत दोष सापडला तर बाकीच्यांची फक्त तेवढ्या एका जागेची तपासणी लागते, ती स्वस्त आणि निःसंदिग्ध असते.

अंडाशयाचा एपिथेलियल (आवरणाच्या पेशींचा, सगळ्यात जास्त आढळणारा) कॅन्सर झालेल्या प्रत्येक स्त्रीला, घरात कुणाला असो वा नसो, ही तपासणी सुचवावी असं आज जगभरचे मार्गदर्शक सांगतात, कारण साधारण सात जणींत एकीत ब्राका दोष सापडतो. तिच्या औषधांची निवडही त्यावर ठरते. मुंबईत टाटा रुग्णालयाचं कॅन्सर जनुक क्लिनिक आहे, खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्या संशोधन केंद्रातही या विषयावर काम होतं.

नमुना म्हणजे ईडीटीएच्या, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये काही मिली रक्त, उपाशी राहायची गरज नाही. फक्त दोन गोष्टी प्रयोगशाळेला आधी विचारा: पॅनेलमध्ये (एकत्र तपासायच्या जनुकांच्या यादीत) ब्राकाबरोबर आरएडी५१सी, आरएडी५१डी, बीआरआयपी१ आणि लिंच सिंड्रोमची (आतड्याच्या, गर्भाशयाच्या कॅन्सरचा आनुवंशिक दोष) जनुकं आहेत का, आणि जनुकाचे मोठे तुकडे गळालेले किंवा दुप्पट झालेले पकडणारी चाचणी, म्हणजे एमएलपीए किंवा तिच्या तोडीची, सामील आहे का. नाहीतर काही दोष निसटतात.

आकडेमोड
'व्हीयूएस' बद्दलही लिहा, त्यावरून गोंधळ होतो.

वंशवेल
व्हीयूएस म्हणजे बदल सापडला, पण त्याचा अर्थ अजून ठरलेला नाही. भारतीयांची माहिती जागतिक साठ्यांत कमी असल्याने आपल्याकडे असे निकाल जास्त येतात. त्याच्या जोरावर अंडाशय काढू नयेत, नातेवाइकांची तपासणीही करू नये. एक-दोन वर्षांनी लॅबला पुन्हा वर्गवारी विचारावी. बहुतेक व्हीयूएस पुढे निरुपद्रवी ठरतात.

परळची_पॅथॉलॉजी
पक्का दोष असेल तर शस्त्रक्रियेचं वय: ब्राका१ साठी ३५ ते ४०, ब्राका२ साठी ४० ते ४५, मुलं झाल्यावर. दोन्ही नलिका आणि दोन्ही अंडाशय काढतात, धोका साधारण ८० टक्के कमी होतो. पोटाच्या आतल्या अस्तरावर (पेरिटोनियम) तोच आजार होण्याची थोडी शक्यता उरते. त्यानंतर लगेच रजोनिवृत्ती येते, म्हणून हाडांची घनता मोजणं आणि स्तनाचा कॅन्सर झालेला नसेल तर पन्नाशीपर्यंत हॉर्मोन द्यायचे का, हे आधीच ठरवावं. 'आधी फक्त नलिका काढू, अंडाशय नंतर' हा पर्याय अजून प्रयोगात आहे.

पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर 'ब्राका दोष, धोका कमी करण्याची शस्त्रक्रिया' असं लिहायला सर्जनना सांगा. तसं लिहिलं नाही तर नलिकेचे एक-दोन नमुनेच बघितले जातात. लिहिलं असेल तर संपूर्ण नलिका आणि झालर २ ते ३ मिलिमीटरच्या कापांत तपासतात. सुरुवातीचा दोष बहुतेकदा त्या झालरीतच असतो.

निशिगंध
सगळ्यांचे आभार. आत्या आता हयात नसेल आणि कागद नसतील तर?

वंशवेल
शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात काढलेल्या तुकड्यांचे मेणाचे ठोकळे राहिलेले असू शकतात. त्यावरून कधीकधी तपासणी जमते, पण ठोकळा जुना असेल तर डीएनए तुटलेला असतो. तेही नसेल तर तिच्या सर्वांत जवळच्या हयात नात्याची तपासणी करायची. आत्याच्या मुलीची आधी, मग तुमच्या वडिलांची, आणि त्यांच्यात सापडला तर तुमची. वडिलांचं वय सत्तर असलं तरी 'आता काय उपयोग' म्हणू नका. त्यांच्यात तो नसला तर त्यांच्या सगळ्या मुली या बाजूने मोकळ्या होतात, मात्र घरातला नेमका दोष आत्याच्या मुलीत सापडलेला असेल तरच.